जांभळा ठिपका

सोल्डरिंग आयर्न दारातून उडत बाहेर आलं आणि नेमकं बुद्धभूषणच्या पायावर पडलं. ते अजून तापलेलंच होतं. बुद्धभूषण जोरात बोंबलला, पण त्याच्याकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता. आयर्नच्या पाठोपाठ स्टूल आलं, स्टुलाच्या पाठोपाठ केबलींचे गठ्ठे आले, आणि मग आतून लाकडी टेबल उलटं पडल्याचा आवाज झाला.

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. बुद्धभूषण अंबरनाथहून काकूंकडे, बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला आला होता. आज तो आणि त्याची चुलतबहीण प्रीती नदीवर जाणार होते, आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्याने पक्ष्यांचे फोटो काढायला. तिसरा गडी अक्षय खरवईहून येणार होता. अक्षय आला खरा, पण त्याच्या पुढे त्याचे वडील दौलतराव आले, सोबत दोन माणसं घेऊन, आणि थेट घरात घुसले.

प्रीती आत धावली. तिची आई, शीलाकाकू, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून ओढत होत्या. त्या टेबलावर बसून त्या रोज त्या आयर्नने कथलाचे टाके देऊन केबली जोडायच्या. दौलतरावांनी त्यांना एक हिसडा दिला. काकू मागे गेल्या, कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि भुवईवरून रक्ताची धार लागली.

"माझ्या पोरीचा हात जाळलास तू," दौलतराव ओरडले. "आठ वर्षांची पोर हाय ती!"

प्रीतीने उडी मारून त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. दौलतरावांनी हात झटकला तशी ती फरशीवर सांडलेल्या प्लगांच्या ढिगात जाऊन पडली. कोपर सोलवटलं. दौलतराव एरवी चांगले गृहस्थ आहेत, मुलांना शेतावर बोलावून आंबे देतात, हे खरं. पण त्या सकाळी ते चांगले नव्हते आणि उगाच त्यांची बाजू घेण्यात अर्थ नाही.

झालं होतं असं. आदल्या दिवशी अक्षयची धाकटी बहीण किर्ती चार्जिंगला लावलेला फोन हातात धरून गाणी ऐकत बसली होती. केबलचा प्लग एकाएकी लाल झाला, वितळला आणि तिच्या तळहाताला चिकटला. तो सुटा करताना कातडीही निघाली. त्या केबलच्या टोकाला नेलपॉलिशचा जांभळा ठिपका होता.

आणि जांभळा ठिपका म्हणजे शीलाकाकू, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. उल्हासनगरचा भूपेशशेठ तारा, प्लग आणि बारीक चिपा आणून द्यायचा. हेंद्रेपाड्यातल्या बारा-पंधरा बायका घरी बसून त्या जोडायच्या. एखादा नग बिघडला तर तो जिचा तिच्याकडे परत जावा म्हणून प्रत्येकीने आपला रंग ठरवलेला. कुणाचा लाल, कुणाचा हिरवा, कुणाचा पिवळा. शीलाकाकूंचा जांभळा. त्या रंगाचा त्यांना अभिमान होता, कारण गेल्या तीन वर्षांत त्यांचा एकही नग परत आला नव्हता.

भूपेशशेठ स्वतःही आला होता. बाहेर स्कूटरला टेकून तो सगळा तमाशा पाहत होता. मोडतोड संपत आली तेव्हा तो आत आला, दौलतरावांच्या खांद्यावर हात ठेवला, शांत व्हा म्हणाला. मग खाली वाकला. फरशीवर कथलाची तार होती, कटर होता, प्लग होते. त्यातलं काहीच त्याने उचललं नाही. चिपांची एक लहानशी प्लास्टिकची डबी तेवढी उचलून त्याने खिशात टाकली. जमिनीवर पडलेल्या प्रीतीने ते पाहिलं.

"शीलाबाई, चार बजे चौकीत या," तो म्हणाला. "माल माझ्या हातनं बिघडला म्हणून सही करा, बात खतम. नाही केली तर दौलतराव केस करणार. बच्चीका हाथ गया है, जेल होते याला."

सगळे गेले. शीलाकाकू भिंतीला टेकून बसल्या आणि पदराने रक्त पुसत राहिल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांचं सारखं एकच चाललं होतं, की माझा टाका कच्चा नसतो, माझा टाका कधीच कच्चा नसतो. प्रीतीला ते ऐकवेना. आई चार वाजता सही करेल, किंवा तुरुंगात जाईल, आणि दोन्हींत ती खोटी ठरेल, एवढंच तिला दिसत होतं.

ती बाहेर आली तर तिथे वेगळंच युद्ध पेटलेलं. अक्षय घरी गेलाच नव्हता. कुंपणापाशी उभा होता, आणि बुद्धभूषणने लंगडत जाऊन त्याच्या नाकावर ठोसा ठेवून दिला होता. अक्षयनेही दिला. दोघे धुळीत लोळत एकमेकांना बदडत होते. तेवढ्यात बाहेरून आलेल्या आजोबांनी, म्हणजे बबन आजोबांनी, शांतपणे मोरीतली पाण्याची बादली आणली आणि दोघांवर ओतली.

"मारायचं तर मार भूषण," अक्षय नाकातलं रक्त पुसत म्हणाला, "पण आधी हे बघ. पप्पांनी नुसता ठिपका बघितला. आत कोणी बघितलंच नाय."

त्याने खिशातून एक काळी, अर्धी वितळलेली वस्तू काढली. किर्तीच्या हाताला चिकटलेला तोच प्लग. कचऱ्याच्या डब्यातून उचलून तो रात्रभर उशाखाली ठेवून झोपला होता.

बुद्धभूषणने वळलेली मूठ सोडली. "सॉरी भाई," तो म्हणाला. "पण माझा पाय अजून जळतोय, एक ठोसा तर बनता होता."

बबन आजोबांनी चाळीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियनचं काम केलं होतं. त्यांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि कटरने प्लगचं वितळलेलं आवरण अलगद सोलून काढलं. आत नखाएवढी हिरवी पट्टी निघाली. तिच्यावर मोहरीपेक्षा लहान काळा ठिपका, म्हणजे चिप. डोळ्यांनी काही वाचता येईना. मग प्रीतीला कॅमेरा आठवला. त्यात अगदी जवळचे फोटो काढायचं बटण होतं, त्यावर फुलाचं चित्र. तिने श्वास रोखून फोटो काढला आणि पडद्यावर मोठा केला.

टाके दिसले. गोल, चकचकीत, एकसारखे. एकही सुटलेला नव्हता. आणि चिपेवर आकडा दिसला, १०३.

शीलाकाकू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "हे कसं?" त्या म्हणाल्या. "आमच्या डबीवर ५६३ असतं. आम्ही डबी बघतो. चिपेवरचं कोण वाचणार? दिसतच नाही."

आजोबांनी कपाळाला हात लावला. मुलांना काही कळेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी कॉम्प्युटरला माऊसची पिन वेगळी, प्रिंटरची वेगळी, कॅमेऱ्याची तिसरीच असायची. सगळा गोतावळा. मग कंपन्यांनी बसून ठरवलं की सगळ्यांना एकाच पद्धतीने जोडू, आणि यूएसबी निघालं. साध्या केबलीत चार तारा. लाल आणि काळी वीज नेतात. हिरवी आणि पांढरी बोलणं नेतात, म्हणजे फोटो, गाणी, जे काही असेल ते. बोलण्याच्या दोन तारा कापल्या तर चार्जिंग होतं, बोलणं होत नाही. आणि हा जो नवा, दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग आहे, त्यात आणखी एक वाट असते. तिथे ही चिप बसते. चिप फोनला सांगते की किती वीज ओढलीस तर चालेल.

"पंगतीत वाढपी असतो ना, तशी ही," आजोबा म्हणाले. "५६३ वाली म्हणते, बेतानं घ्या, भात मोजका आहे. १०३ वाली म्हणते, घ्या हवा तेवढा. फोन तर उपाशीच असतो, तो ओढत सुटतो. तार बारीक, चार्जर साधा. मग प्लग पेटणार नाही तर काय होणार?"

"म्हणजे मम्मीची चूक नाहीच," प्रीती म्हणाली. "डबीत चिपाच चुकीच्या होत्या. आणि डबी भूपेशशेठने नेली. तेवढीच नेली. मी बघितलं."

घरात दुसरी डबी नव्हती. एक जळका प्लग दाखवून कोण विश्वास ठेवणार? भूपेशशेठ सरळ म्हणेल की बाईने स्वस्तातल्या चिपा बाहेरून आणल्या.

काकूंच्या भुवईला टाके घालणं भाग होतं. आजोबा त्यांना दवाखान्यात घेऊन निघाले. जाताना त्यांनी तिन्ही मुलांना बजावलं की घर सोडून हलायचं नाही, बाकीचं चौकीत मोठी माणसं बघतील. मुलांनी माना डोलावल्या. मान डोलावणं म्हणजे कबूल करणं नव्हे, असं तिघांचंही मत होतं.

दहा मिनिटांत ते शेअर रिक्षात होते. बदलापूरहून अंबरनाथ, तिथून दुसरी रिक्षा पकडून उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. बुद्धभूषणने एका पायात चप्पल घातली होती आणि दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलं होतं. त्याच्या पाठीवरच्या दप्तरात ते सोल्डरिंग आयर्न होतं. कशाला घेतलंस, असं अक्षयने विचारलं, तर म्हणाला, पुरावा आहे, माझ्या पायावर पडलंय.

भूपेशशेठचा गाळा प्रीतीला माहीत होता. आईबरोबर माल पोचवायला ती अनेकदा आली होती. शटर अर्धं वर होतं, आत कुणी नव्हतं. मागचं दार वालधुनी नदीच्या काठावर उघडायचं आणि तिथून काळा, घसा जाळणारा धूर येत होता.

ते वाकून आत शिरले. पहिल्याच कोपऱ्यात केबलींचा ढीग. सगळ्यांची टोकं वितळलेली. प्रीतीने बसून एकेक उचलली. लाल ठिपका. पिवळा. हिरवा. पुन्हा लाल. जांभळा एक. पुन्हा हिरवा.

"किर्ती एकटी नाय," अक्षय पुटपुटला. "किती लोकांचे हात भाजले असतील."

प्रीतीने ढिगाचे फोटो काढले. बुद्धभूषणने फळीवरून डब्या खाली आणल्या. सगळ्यांवर ५६३ ची चिठ्ठी. त्याने एक उघडून त्यातली चिप तळहातावर घेतली, प्रीतीने फुलाचं बटण दाबलं. १०३. दुसरी डबी, १०३. फळीखाली एक फाडलेली मोठी पिशवी पडली होती, तिच्यावर एलईडी पट्ट्यांचं चित्र आणि ठळक १०३. तिचाही फोटो निघाला.

तेवढ्यात मागून आवाज आला. भूपेशशेठ काठावर उभा होता. समोर पत्र्याच्या पिंपात केबली जळत होत्या, एका हातात आग ढवळायची लोखंडी सळई, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. प्रीती दाराआड सरकली आणि तिने व्हिडिओ चालू केला.

"अरे हां ना यार, एलईडीवाला माल होता," तो म्हणत होता. "५६३ संपला होता, लडके ने वही डिब्बे में भर दिया, मी पण पाहिलं नाही. आता काय सगळ्या केबली परत मागवू? रस्त्यावर येईन मी. एक बाई सही करतेय. चार-पाच पोरं भाजली, काय मेलं तर कोणी नाही ना."

अक्षयने हे ऐकलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्याला थांबवायला हवं होतं, पण बहिणीचा हात ज्याने पाहिला आहे त्याला कोण थांबवणार? तो दारातून थेट भूपेशशेठवर धावून गेला.

"माझी बहीण आहे ती!"

भूपेशशेठ दचकला, फोन पिंपात पडला. मग त्याने सळई फिरवली. ती अक्षयच्या खांद्याजवळ बसली आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. अक्षय गुडघ्यांवर कोसळला. दुसरा फटका यायच्या आत बुद्धभूषणने डोकं खाली घालून शेठच्या पोटात धडक दिली. पिंप कलंडलं, जळत्या केबली जमिनीवर पसरल्या, बुद्धभूषणच्या पायाचं फडकं पेटलं आणि तो थयथय नाचत ते विझवू लागला.

भूपेशशेठची नजर कॅमेऱ्यावर गेली. त्याने प्रीतीच्या वेणीला हिसका देऊन तिला जवळ ओढलं, कानाखाली वाजवली, कॅमेरा हिसकावला आणि फरशीवर आपटला. मग टाच देऊन चिरडला. काच फुटली, पुढची नळी वाकडी झाली. प्रीतीच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. तरी ती खाली पडून त्या टाचेखाली हात घालायला विसरली नाही. बोटं चेंगरली, पण कॅमेरा निघाला.

"पळ!" बुद्धभूषण ओरडला.

ती गाळ्यातून शटरकडे धावली. शटरजवळ तारेची मोठी गुंडाळी होती आणि कॅमेऱ्याच्या झटापटीत दोघे मुलगे तिथे आधीच पोचले होते. बुद्धभूषणने तारेचं टोक खांबाला अडकवलं, दुसरं टोक एक हात लोंबकळणाऱ्या अक्षयने धड हातात धरलं आणि प्रीती पलीकडे जाताच दोघांनी ती गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणली. भूपेशशेठ सळई उगारून प्रीतीच्या मागे वेगात येत होता. तार त्याला दिसली नाही. तो तोंडावर पडला, शटरच्या कडेवर, आणि त्याचे पुढचे दोन दात तिथेच राहिले.

रिक्षात बसल्यावर प्रीतीने ओढणीची झोळी करून अक्षयचा हात गळ्यात बांधला. तो पांढराफटक पडला होता. बुद्धभूषणने दवाखान्यात जाऊ म्हटलं, तर अक्षयने दात आवळून मान हलवली. आधी चार वाजता चौकी. मग हाड.

चौकीत सगळे जमले होते. खुर्चीत फौजदार माधवी मॅडम. एका बाकावर कपाळाला पट्टी बांधलेल्या शीलाकाकू आणि आजोबा, समोरच्या बाकावर दौलतराव. टेबलावर सहीचा कागद. मुलं आत आली आणि मागोमाग, तोंडावर रक्ताळलेला रुमाल धरून, भूपेशशेठही आला. या पोरांनी माझ्या गाळ्यात चोरी केली, मला मारलं, असं तो दात नसलेल्या तोंडाने ओरडू लागला.

दौलतरावांनी मुलाचा लोंबता हात पाहिला, मग शेठचं तोंड पाहिलं. कुणावर चिडावं हे त्यांना कळेना, आणि अशा वेळी मोठी माणसं करतात तेच त्यांनी केलं. अक्षयवरच हात उगारला.

माधवी मॅडमनी तो हात हवेतच धरला. "इथे हात उचलायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि घरीही नाही. बोल प्रीती, काय आहे तुझ्याकडे?"

प्रीतीने घडलेलं सगळं सांगितलं आणि कॅमेरा टेबलावर ठेवला. काच नाही, पडदा फुटलेला. कार्डाचं झाकण असं चेपलं होतं की हवालदाराने चाकू घालूनही कार्ड निघालं नाही. जोर लावला असता तर आतच तुटलं असतं. तरी मागचं बटण दाबून धरलं की एक इवलासा हिरवा दिवा लागत होता.

हवालदाराच्या छोट्या स्पीकरची केबल कॅमेऱ्यात बरोबर बसली. तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरला लावलं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. काहीच आलं नाही. भूपेशशेठ हसला, त्याने रुमाल काढून हसणं सगळ्यांना दाखवलं.

"लागणार नाही," शीलाकाकू बाकावरून म्हणाल्या. "ती दोन तारांची आहे. वीज जाईल, बोलणं जाणार नाही. मला चार तारांची द्या, मी जोडते. प्रिंटरची केबल चार तारांची असते."

प्रिंटर सरकारी आहे, केबल कापता येणार नाही, असं हवालदार म्हणू लागला. मॅडमनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने स्वतःच कात्री आणून दिली. पण सोल्डरिंग कशाने करणार? तेव्हा बुद्धभूषणने दप्तरातून आयर्न काढलं. मूठ तडकली होती, टोक वाकलं होतं. प्लग लावला तर ते तापलं.

"हिच्या हातची केबल लावणार?" भूपेशशेठ ओरडला. "मॅडम, कॉम्प्युटर जळून जाईल."

मॅडमनी शीलाकाकूंकडे बघितलं. "जळेल?"

"नाही," काकू म्हणाल्या.

स्पीकरच्या केबलचं कॅमेऱ्यात बसणारं टोक सोलून त्यांनी आतला प्लग मोकळा केला. तिथे लाल आणि काळी तार होती, मधल्या दोन जागा रिकाम्या. काकूंच्या पट्टीतून पुन्हा थोडं रक्त ओघळलं होतं. खोलीत उजेड कमी होता. त्यांनी मान वर केली.

"दौलतराव, उजेड धरा."

दौलतराव उठले. फोनची बॅटरी लावून ते काकूंच्या शेजारी वाकून उभे राहिले, त्याच बाईच्या, जिला त्यांनी सकाळी ढकललं होतं. काकूंनी आयर्न हातात घेतलं. जुन्या दोन तारा काढून टाकल्या आणि प्रिंटरच्या कापलेल्या केबलच्या चार तारा घेतल्या. लाल जागेवर लाल. शेजारी पांढरी. मग हिरवी. शेवटी काळी. प्रत्येक टाक्याला एक बारीक धुराची रेघ. दौलतराव श्वास रोखून बघत होते. इतक्या जवळून त्यांनी ते काम कधी पाहिलं नव्हतं, आणि सकाळी आपण काय मोडून आलो हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं.

टाके निवल्यावर काकूंनी त्यांच्यावर टेप गुंडाळली, पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढली आणि केबलच्या टोकाला जांभळा ठिपका दिला. मगच ती प्रीतीच्या हातात दिली.

प्रीतीने ती लावली. कॉम्प्युटरमधून टिंग असा आवाज आला.

पहिला फोटो खंड्या पक्ष्याचा होता, कालचा. मग जळक्या केबलींचा ढीग, लाल, पिवळे, हिरवे ठिपके. मग डबीवरचं ५६३ आणि चिपेवरचं १०३. मग व्हिडिओ सुरू झाला आणि भूपेशशेठचा आवाज चौकीभर ऐकू आला. चार-पाच पोरं भाजली, काय मेलं तर कोणी नाही ना.

भूपेशशेठने कॉम्प्युटरवर झेप घेतली. त्याचा हात पोचायच्या आत दौलतरावांनी त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर असं आदळलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. ते दुसऱ्यांदा आदळणार, तोच मॅडमचा आवाज आला. दोन हवालदारांनी शेठला धरलं.

"तुम्हीही बसा," मॅडम दौलतरावांना म्हणाल्या. "त्याच्यावर गुन्हा आहेच. पण सकाळी घर फोडलंत, बाईला ढकललंत, तेही आहे. शीलाताई, लिहू का?"

दौलतरावांनी मान खाली घातली. अक्षयने आईकडे बघावं तसं काकूंकडे बघितलं. प्रीतीला वाटलं, आई आता नको म्हणेल. मोठ्या बायका नेहमी नको म्हणतात.

"लिहा," शीलाकाकू म्हणाल्या. "जसं झालं तसं लिहा."

त्या संध्याकाळपासून देवळाच्या आणि विहाराच्या भोंग्यांवरून सांगणं सुरू झालं, की ठिपक्याची कुठलीही नवी केबल वापरू नका. पुढचे आठ दिवस प्रीती, बुद्धभूषण आणि प्लास्टरातला अक्षय बदलापूर गावापासून खरवईपर्यंत दारोदार फिरून केबली गोळा करत होते. माधवी मॅडम एकदा पाड्यात आल्या. एवढी माणसं भाजण्यापासून वाचवलीत, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि पुन्हा असं एकटं कुठे गेलात तर कोठडीत बसवीन, असंही म्हणाल्या. आजोबांनी फुटका कॅमेरा कपाटात मानाने ठेवला. आपली नातवंडं ऐकत नाहीत ते बरंच आहे, असं ते शेजाऱ्यांना सांगत, पण मुलांच्या पाठीमागे.

रविवारी दौलतराव आले. खांद्यावर नवं टेबल होतं, त्यांनी स्वतः आंब्याच्या लाकडाचं बनवलेलं. बरोबर किर्ती होती, उजवा हात पट्टीत. त्यांनी टेबल जुन्या जागी ठेवलं, हलतंय का ते बघितलं. कोर्टात जे व्हायचं ते होऊ दे, मी भोगीन, एवढंच म्हणाले.

शीलाकाकूंनी नुकतीच एक केबल पुरी केली होती. चिपा आता दुसरीकडून आणलेल्या, आणि प्रत्येक चिपेवरचा आकडा प्रीती भिंगातून वाचून घ्यायची. दौलतरावांनी ती केबल उचलली, खिशातून आपला फोन काढून चार्जिंगला लावला. मग फोन, प्लग सगळं उजव्या मुठीत घट्ट धरून ते उंबऱ्यावर बसले.

फोन भरेपर्यंत दीड तास ते तसेच बसून राहिले. किर्ती शेजारी बसून मधूनमधून विचारत होती.

"पप्पा, गरम होतंय?"

"नाय," दौलतराव म्हणायचे. "बिलकूल नाय."

फोन पूर्ण भरला तेव्हा त्यांनी मूठ उघडून तळहात शीलाकाकूंसमोर धरला. काकूंनी तो पाहिला. मग नेलपॉलिशची बाटली किर्तीच्या डाव्या हातात दिली आणि पुढची केबल तिच्यासमोर ठेवली.